समजून घ्या : तीनचाकी स्कूटर सोबत नेणारा कॅम्पर ट्रेलर, खरेदीआधी वजन, रॅम्प आणि नोंदणीचे गणित

समुद्रपूर, डिजिटल डेस्क : कारच्या मागे ओढायचे छोटे घर, त्यात झोपायची सोय आणि त्याच घराच्या पोटात तीनचाकी दुचाकी, म्हणजेच ट्राइक. परदेशात 'टॉय हॉलर' नावाने विकला जाणारा हा प्रकार भारतात अजून हौशी लोकांपुरताच आहे. पण साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर ज्यांचे रोजचे फिरणे अवलंबून आहे, त्या दिव्यांग प्रवाशांसाठी तो हौसेच्या पलीकडचा आहे. कारने मुक्कामाला पोहोचता येते. पुढच्या दोन-चार किलोमीटरसाठी मात्र स्वतःची स्कूटर सोबत नसेल तर दुसऱ्याच्या मदतीची वाट बघत बसावे लागते.

समुद्रपूर तालुक्यातून हा प्रश्न जास्त ठळक दिसतो. तालुक्यातील जाम येथे नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. गिरडच्या टेकडीवरील बाबा फरीद यांचा दर्गा याच तालुक्यात आहे. ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही जंगले एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. दुसरीकडे, वर्धा जिल्ह्यातूनच जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तीच बंदी आहे. म्हणजे लांबच्या प्रवासात ट्राइक चालवत नेता येत नाही, ती वाहून न्यावी लागते.

'ट्राइक' म्हणजे नेमके कोणते वाहन?

ट्रेलर निवडण्याआधी हे ठरले पाहिजे, कारण वजनात चौपटीचा फरक पडतो.

• साइड व्हील स्कूटर : आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा प्रकार. होंडा अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचे मूळ वजन साधारण १०६ किलो. बहुतेक जोडण्यांमध्ये मागचे मूळ चाक तसेच राहते आणि दोन्ही बाजूंना आधाराची चाके येतात. लोखंडी सांगाडा धरून हिशेबासाठी १५० किलो गृहीत धरावे.

• मोठी ट्राइक : कॅनडाच्या बीआरपी कंपनीची कॅन-अ‍ॅम स्पायडर किंवा हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड. स्पायडरची रुंदी दीड मीटरच्या आसपास, तर ट्राय ग्लाइडचे वजन साडेपाचशे किलोहून अधिक.

पहिली ट्राइक मध्यम कॅम्परमध्ये मावते. दुसरीसाठी ट्रेलर, कार आणि ब्रेक सगळेच वरच्या दर्जाचे लागते.

वजनाचा हिशेब कसा करायचा?

विक्रेता ट्रेलरचे रिकामे वजन सांगतो. महत्त्वाचे असते ते भरलेले वजन. एक उदाहरण पाहू :

• रिकामा कॅम्पर : ५०० किलो
• साइड व्हील स्कूटर : १५० किलो
• पाण्याची ६० लिटरची टाकी : ६० किलो
• बॅटरी, गॅस, भांडी, अंथरूण-पांघरूण : १३० किलो
• एकूण : ८४० किलो

युरोपात ७५० किलोपर्यंतच्याच ट्रेलरला स्वतःच्या ब्रेकशिवाय चालवता येते. त्या मापाने पाहिले तर सर्वांत हलक्या ट्राइकसहही हा ट्रेलर ब्रेक लागणाऱ्या गटात जातो. त्यामुळे 'ओव्हररन ब्रेक' असलेलाच ट्रेलर पाहावा. कारचा वेग कमी होताच ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात, अशी ही साधी यांत्रिक रचना आहे.

आता कारचा विचार. ब्रिटनमधील कॅराव्हॅन संघटना नवख्यांना सांगतात, की भरलेल्या ट्रेलरचे वजन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. १,८०० किलोच्या एसयूव्हीसाठी ही मर्यादा १,५३० किलो येते. वरचा ८४० किलोचा ट्रेलर यात आरामात बसतो. पण ५६० किलोची मोठी ट्राइक, तिला पेलणारा ८०० किलोचा कॅम्पर आणि १९० किलोचे सामान धरले तर बेरीज १,५५० किलोवर जाते. म्हणजे तीच एसयूव्ही अपुरी पडते.

हा नियम नव्या चालकाला दिलेला सल्ला आहे. अंतिम शब्द कार कंपनीने दिलेल्या टोइंग क्षमतेचा. आपल्याकडे अनेक कारच्या मॅन्युअलमध्ये हा आकडाच नसतो. तो कंपनीकडून लेखी मागवावा. शोरूममधल्या तोंडी 'ओढेल हो' वर लाखोंची खरेदी करू नये.

स्कूटर ट्रेलरमध्ये कुठे उभी करायची?

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच आहे. फरक इतकाच, की बैलगाडी थांबते आणि ८० च्या वेगातला ट्रेलर डोलू लागतो. हे डोलणे वाढत गेले तर तो कारलाही आडवा ओढतो.

म्हणून एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कारच्या हुकावर, म्हणजे हिचवर असावा. वरच्या उदाहरणात हा भार ८४ ते १२६ किलो हवा.

समजा हिचपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे आणि स्कूटरशिवाय हिचवर ८० किलो भार येतो.

• स्कूटर अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे ठेवली, तर हिचवरचा ७५ किलो भार कमी होतो. उरतो फक्त ५ किलो. ही धोक्याची स्थिती.

• तीच स्कूटर अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे ठेवली, तर २५ किलो वाढतात. एकूण १०५ किलो, म्हणजे साडेबारा टक्के. ही योग्य स्थिती.

अनेक कॅम्परमध्ये पुढे पलंग-ओटा आणि अगदी मागे 'गॅरेज' अशी मांडणी असते. दिसायला ती सोयीची वाटते, पण स्कूटर नेमकी अ‍ॅक्सलच्या मागे जाते. असा ट्रेलर घ्यायचा असेल तर अ‍ॅक्सल मूळातच मागे सरकवलेला आहे का, हे पाहावे. स्कूटरसह आणि स्कूटरविना अशा दोन्ही वेळी हिचचा भार मोजावा. हिचखाली वजनकाटा ठेवून हे काम दहा मिनिटांत होते.

रॅम्पमध्ये काय तपासायचे?

मोटारसायकल चढवायला एक फळी पुरते, कार चढवायला दोन. ट्राइकला दोन्ही चालत नाहीत. तिचे एक चाक मधोमध आणि दोन बाजूंना असतात, म्हणून तीन पट्ट्या किंवा पूर्ण रुंदीचा रॅम्प लागतो. रुंदी मोजताना साइड व्हीलच्या बाहेरच्या कडांपासून मोजावे आणि दोन्ही बाजूंना बांधायला हात जाईल इतकी जागा सोडावी.

दुसरा मुद्दा चढाचा. ट्रेलरचा तळ जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि रॅम्प २ मीटर असेल, तर १५० किलोची स्कूटर वर नेण्यासाठी सुमारे ३८ किलोचा जोर लागतो. रॅम्प ३ मीटरचा केला तर तो २५ किलोवर येतो. ५६० किलोच्या ट्राइकला मात्र २ मीटरच्या रॅम्पवर १४० किलोचा जोर लागेल. तिथे विंच हवेच.

दिव्यांग चालकासाठी इथे एक गोष्ट निर्णायक ठरते. इमारतींमध्ये व्हीलचेअरसाठी रॅम्पचा चढ १ ला १२ ठेवतात. ट्रेलरचा १ ला ४ हा त्याच्या तिप्पट तीव्र आहे. त्यावर स्वतः बसून स्कूटर चढवण्याचा प्रयत्न करू नये. विंच आणि तिचा रिमोट, किंवा तळ झुकणारा ट्रेलर घेतला तर चालक जमिनीवर थांबून एकट्याने स्कूटर चढवू-उतरवू शकतो. बजेट कमी करायचे असेल तर आतल्या फर्निचरमध्ये करावे, विंचमध्ये नाही. ट्रेलरचा मूळ हेतू दुसऱ्यावर अवलंबून न राहणे हाच आहे.

वर चढलेली स्कूटर चार कोपऱ्यांनी पट्ट्यांनी ताणून बांधावी. कड्या प्लायवूडला नव्हे, ट्रेलरच्या चॅसिसला जोडलेल्या असाव्यात.

कायदा काय सांगतो?

• मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही 'मोटार वाहन' आहे. त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. नोंदणीविना वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

• ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला आणि ओढणाऱ्या कारचा नंबर ट्रेलरवर दिसला पाहिजे.

• स्कूटरला साइड व्हील लावणे हा वाहनातील बदल आहे. कलम ५२ खाली दिव्यांगांसाठी असा बदल करता येतो, मात्र त्याची नोंद आरसीवर हवी. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

• ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकी प्रकारात 'दिव्यांगजन' अशी नोंद करता येते. सवलतींसाठी ती उपयोगी ठरते.

गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून ट्रेलर स्वस्तात होतो, हे खरे. पण मंजुरी नसलेल्या ट्रेलरची नोंदणी अडते आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही. समुद्रपूरकरांसाठी एमएच-३२, म्हणजे वर्ध्याचे आरटीओ कार्यालय आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ट्रेलरच्या मॉडेलचे मंजुरीचे कागद आणि कारला हिच बसवण्याचा प्रस्ताव तिथे दाखवून घ्यावा. टोलची आकारणी अ‍ॅक्सलवर ठरत असल्याने ट्रेलर जोडलेल्या कारची वर्गवारीही आधीच विचारावी.

मुक्कामाचे काय?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क अशा दोन्हींचा विचार आहे. तरी बहुतेक ठिकाणी मुक्काम ढाबा, लॉन किंवा रिसॉर्टच्या आवारातच होतो. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रेलर उभा केला तर सकाळी चाके रुतलेली सापडतात. मुरूम किंवा काँक्रीटची जागाच निवडावी आणि आधाराच्या जॅकखाली लाकडी फळ्या ठेवाव्यात. झोपण्याआधी पेट्रोलची स्कूटर बाहेर काढावी. बंद जागेत साचलेली पेट्रोलची वाफ आणि शेजारी गॅसची शेगडी, हे एकत्र नको. चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवू नये. वेगाच्या बाबतीत जर्मनीची मर्यादा लक्षात ठेवावी : कार कितीही दमदार असो, ट्रेलर जोडला की तिथे सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर.

ट्रेलर नकोच असेल तर?

वर्षातून एक-दोनच सहली होत असतील तर हा खर्च निघणे कठीण. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेले 'निओबोल्ट' हे उपकरण व्हीलचेअरला पुढून जोडले की ती ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावते. मुक्कामी फिरण्याचे अंतर कमी असेल तर कारसोबत असा पर्याय पुरतो. स्कूटरच हवी असेल, पण झोपायची सोय नको, तर उघडा, कमी उंचीचा ट्रेलर हलका आणि स्वस्त पडतो.

पैसे देण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा

१. ट्रेलरचे भरलेले कमाल वजन किती, आणि ते प्लेटवर कोरलेले आहे का?
२. माझी स्कूटर आत उभी केल्यावर हिचवर किती किलो भार येतो? समोर मोजून दाखवा.
३. रॅम्प पूर्ण रुंदीचा आहे का आणि विंच किती किलोची आहे?
४. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का?
५. नोंदणीचे कागद विक्रेता देणार की खरेदीदाराने धावपळ करायची?

दुसऱ्या प्रश्नाला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तो ट्रेलर न घेतलेलाच बरा.