सत्तर अक्षरांत मदत

वक्तृत्व स्पर्धेत ‘आपत्ती आणि मोबाइल’ हा विषय आला की आम्ही सगळे ड्रोन, उपग्रह आणि ॲप यांवर बोलतो. मीही बोललो आहे आणि बक्षीसही घेतले आहे. पण आता मला वाटते की आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. मोठ्या पुरात वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, जनरेटरला डिझेल पोहोचत नाही. टॉवर बंद पडला की हातातला महागडा फोन म्हणजे फार तर विजेरी.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा माझी मावशी तिथे होती आणि आम्ही भिलाईजवळ हथखोजला. टीव्हीवर चिपळूणचे बसस्थानक पाण्याखाली दिसत होते. बाबा कारखान्यातून आणि आई घरातून सारखा फोन लावत होते. तो लागतच नव्हता. दुसऱ्या रात्री आईच्या फोनवर एक साधा एसएमएस आला : ‘सगळे वरच्या मजल्यावर. ठीक. फोन बंद ठेवतेय.’ आईने तो मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला, आणि त्यानंतर दोन दिवसांत पहिल्यांदा कुकर लावला.

कॉल लागला नाही, मग एसएमएस कसा आला? कॉलसाठी बोलणे संपेपर्यंत वाट मोकळी लागते. एसएमएसला क्षणभर जागा मिळाली तरी पुरते. समोरचा फोन बंद असेल तर तो केंद्रात थांबतो आणि फोन सुरू झाल्यावर पोहोचतो. उलट, बाहेरगावचे हजारो नातेवाईक पुन्हा पुन्हा डायल करतात, तेव्हा उरल्यासुरल्या टॉवरवरची जागा तेच अडवतात. त्या हजारांत आम्हीही होतो. किती वेळा फोन लावला, हे बाबांना आता न विचारलेलेच बरे.

हैतीमध्ये जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर 4636 हा एक छोटा क्रमांक सुरू केला होता. लोकांनी त्यावर आपल्या क्रिओल भाषेत एसएमएस पाठवले. परदेशात राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी आणि इतर स्वयंसेवकांनी त्यांचे भाषांतर करून ते मदत पथकांपर्यंत पोहोचवले. तिथे साधा फोन चालला, आणि अडकलेल्या माणसाला दुसऱ्याची भाषा यावी लागली नाही. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

माझ्या एका मित्राचे म्हणणे आहे की संकट येण्याआधीच फोन वाजला तर एसएमएसची वेळच येणार नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. सेल ब्रॉडकास्ट या पद्धतीत एका भागातल्या टॉवरवरून तिथल्या सगळ्या फोनना एकदम इशारा जातो. त्याला कोणाचा नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. पण इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती 19 जुलै 2023 च्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाराष्ट्रातले अनेक फोन अचानक जोरात वाजले ते इशाऱ्याच्या चाचणीसाठी. यात कोणाची चूक काढायची नाही. कोणता डोंगर कधी सुटेल हे आधी कळले असेल तरच फोन वाजवता येतो. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचाव पथके पायी चढून गेली. 2014 मध्ये माळीण दरडीखाली गेले, तेव्हा तर गाव जागेवर नाही हे पाहिले आणि कळवले ते एसटीच्या चालकाने.

म्हणून माझी आमच्या प्रशिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या शिबिरात आपत्तीचा सराव घेताना आम्हाला वॉकीटॉकी द्या, पण एक तास सगळे बंद ठेवा. त्या तासात निरोप पायी न्यायचा. आणि त्यानंतर प्रत्येकाने एकच एसएमएस लिहायचा. इंग्रजी अक्षरांत 160 अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त 70, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात! मी प्रयत्न करून पाहिला. पहिल्या वेळी ‘आम्ही फार मोठ्या संकटात सापडलो आहोत’ एवढ्यातच निम्मी जागा गेली, आणि आम्ही कुठे आहोत ते राहूनच गेले. चौथ्या वेळी जमले : ‘बाजारपेठ, दुसरा मजला. आम्ही 6. 1 आजारी. पाणी हवे. बॅटरी थोडी.’ ही सवय शांत वेळीच लावावी लागते, जसे आम्ही बुटाची नाडी अंधारात बांधायला शिकतो.

पालकांसाठीही एक गोष्ट. वसतिगृहात आमच्याकडे मोबाइल नसतो, त्यामुळे घरचे नंबर आम्हाला पाठ आहेत. तुम्हाला किती पाठ आहेत? दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना आईचा नंबर विचारला. त्यांनी खिशातून फोन काढला. मी तो काढून घेतला, तेव्हा पहिले चार आकडे सांगून ते थांबले. मग आम्ही मावशीचा, शेजारच्यांचा आणि शाळेचा असे पाच नंबर एका कागदावर लिहिले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि आईच्या पर्समध्ये ठेवले. दुसरा कागद बाबांच्या डब्याच्या पिशवीत आहे. तो अजून तिथेच आहे की नाही, हे पुढच्या रविवारी फोनवर विचारणार आहे.