स्वभाषा न वाचणारी मोजपट्टी

विद्यापीठांचे मूल्यमापन होऊ नये, असे कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने जनतेला हिशेब दिलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की हा हिशेब कोणत्या मापाने आणि कोणत्या भाषेत मागितला जातो? हा प्रश्न विचारण्यास वर्ध्याइतकी योग्य भूमी दुसरी नाही.

१९७५ साली नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले आणि तेथे हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची मागणी पुढे आली. तिचे फळ म्हणून १९९७ मध्ये संसदेच्या कायद्याने वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभे राहिले. हिंदी ही ज्ञानाची आणि संशोधनाची भाषा व्हावी, हाच त्यामागील हेतू. आता केंद्र शासनाची 'एनआयआरएफ' ही मानांकन व्यवस्था पाहा. २०१६ पासून ती शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावते. विद्यापीठांसाठी शंभरातील तीस गुण संशोधनाचे. आणि शोधनिबंधांची मोजणी होते ती 'स्कोपस' व 'वेब ऑफ सायन्स' या विदेशी खासगी सूचींवरून. या सूचींत हिंदी-मराठी नियतकालिकांना जवळजवळ स्थानच नाही. ज्या विद्यापीठाचा जन्म हिंदीसाठी झाला, तेथील प्राध्यापकाने हिंदीत मौलिक संशोधन केले तर ते मोजणीतून निसटणार. इंग्रजीत सामान्य निबंध लिहिला तर तो मोजला जाणार! याला मूल्यमापन म्हणावे की स्वभाषेला दिलेली शिक्षा?

प्राध्यापकांच्या गुणांकाची कथाही वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीला गुणांची जोड दिली. विदेशी प्रकाशकाच्या ग्रंथाला ५० गुण, शासकीय प्रकाशनाला २५ आणि मान्यताप्राप्त नियतकालिकातील निबंधाला १५. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यामागे कित्येक वर्षांची तपश्चर्या होती. या तक्त्यात त्या तपश्चर्येला फार तर २५ गुण. घाईने लिहिलेल्या दोन निबंधांना ३०! पुढे २०१८ च्या नियमावलीने तर मानव्यविद्यांतील एक निबंध आणि राष्ट्रीय प्रकाशकाचा संपूर्ण ग्रंथ यांना सारखेच दहा गुण दिले.

परिणाम व्हायचा तोच झाला. पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य सूचीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर आणलेली 'केअर' सूचीही २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक'ची अवस्था याहून निराळी नाही. तिच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी श्रेणीदानातील गैरप्रकारांकडे बोट दाखवून मार्च २०२३ मध्ये पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाने एका तपासणी समितीच्या अध्यक्षांनाच अटक केली. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची?

मोजमाप वर्ध्याला नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम जन्मली. तेथे मुलाने कातलेले सूतही मोजले जाई. परंतु मोजणारा शिक्षक त्या मुलाला ओळखत असे आणि त्याला सुताची पारख असे. आजचा मोजणारा ना विद्यार्थ्याला ओळखतो, ना निबंध वाचतो. तो केवळ रकाने भरून घेतो. हिंगणघाटच्या बाजारातील शेतकरीही सांगेल, की काट्यावर कापसाचे वजन कळते, धाग्याची प्रत नव्हे.

ज्यांचे अनुकरण आपण करतो, तेही आता सावध झाले आहेत. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाने २०२३ मध्ये एका प्रतिष्ठित जागतिक क्रमवारीतून स्वतःहून अंग काढून घेतले. आपण मात्र त्यांनी टाकलेली वस्त्रे मिरवीत आहोत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय भाषांचा कैवार घेतला, हे स्वागतार्हच. पण धोरण एका दिशेला आणि मोजपट्टी दुसऱ्या दिशेला, असे किती काळ चालणार? भारतीय भाषांतील संशोधनाची विश्वासार्ह सूची शासनाने सिद्ध करावी. पदोन्नतीसाठी आलेले ग्रंथ त्या भाषेच्या जाणकारांनी प्रत्यक्ष वाचूनच त्यांचे मूल्य ठरवावे. वर्गातील अध्यापनाला निबंधांच्या संख्येहून अधिक वजन मिळावे.

आणि पालकांनीही महाविद्यालयाच्या दारावरील श्रेणीचा फलक पाहून हुरळून जाऊ नये. वर्गात कोण शिकवतो, ग्रंथालयातील पुस्तके कोण वाचतो, हे आत जाऊन विचारावे. समाजाने मागितलेला तो हिशेब कोणत्याही तक्त्यात दडपता येणार नाही.