वास्तुशांतीनंतरचं पहिलं वर्ष

सदर : वीट आणि वीज

कोल्हापुरात वास्तुशांतीच्या जेवणाला आलेला पाहुणा पंगतीत बसण्याआधी घर फिरून बघतो. पूर्वी त्याला देवघर, किचनचा ओटा आणि जिन्याखालची जागा दाखवायचे. आता त्याला आधी गच्चीवर नेतात. तिथं सोलर पॅनेलच्या रांगेसमोर उभं राहून यजमान सांगतो, "लाइटबिलाचं टेन्शन संपलं बघा." पाहुणा मान डोलावतो, मोबाइलवर फोटो घेतो आणि जिना उतरताना हळूच विचारतो, "सबसिडी किती पडली हो?"

सबसिडीचा हिशेब सरळ आहे. 13 फेब्रुवारी 2024 रोजी जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने'त पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार रुपये आणि तिसऱ्याला 18 हजार मिळतात. तीन किलोवॉट आणि त्यापुढे सगळ्यांना सरसकट 78 हजार. देशातल्या एक कोटी घरांवर पॅनेल बसवायची आणि त्यासाठी 75,021 कोटी रुपये खर्चायचे, असा केंद्राचा बेत आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीरही झाली. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर या बाजूंना नवा बंगला बांधणारा माणूस आता पॅनेलची जागा नकाशातच धरून चालतो, आणि ते चांगलंच आहे.

पण पॅनेलखालचं घर बहुतेक वेळा जुन्याच सवयीनं बांधलेलं असतं. पश्चिमेला मोठी काच, डोक्यावर उघडा स्लॅब, खिडक्या स्लायडिंगच्या. एखाद्या आर्किटेक्टनं दिशा, सावली, वारा यांचा विचार करून घर उभं केलं, तरी त्या घरात राहायचं कसं हे राहणाऱ्याला कोणी सांगत नाही. वीज कमी लागणारं घर बांधून पुरं व्हायला एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्यात काढावा लागतो. हे पहिलं वर्ष बांधकामाचाच भाग आहे, आणि आज ते ना कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजपत्रकात असतं, ना आर्किटेक्टच्या फीमध्ये, ना घरमालकाच्या डोक्यात.

राहणाऱ्यानं एवढा काय फरक पडतो? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत 1970 च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजलं. एकाच नकाशाची, एकमेकांना चिकटून बांधलेली घरं. भिंती त्याच, खिडक्या त्याच, थंडीही तीच. तरी घर गरम ठेवण्यासाठी एका घरात दुसऱ्याच्या दुप्पट गॅस जळत होता. काही घरांतले रहिवासी पुढं बदलले, तेव्हा त्या घरांचा वापराचा क्रमही बदलला. काल जास्त जाळणारं घर उद्याही जास्तच जाळेल, याचा भरवसा उरला नाही.

जर्मनीत डार्मस्टाट इथं 1991 साली पहिल्या 'पॅसिव्ह हाउस' घरांत कुटुंबं राहायला आली. जाड इन्सुलेशन, तीन पदरी काच, हवाबंद दारं-खिडक्या. त्या घरांचं कौतुक जगभर झालं आणि ते योग्यही होतं. पण तिथली लढाई थंडीशी. कोल्हापूरकराला एप्रिल-मेच्या दुपारशी आणि जुलैच्या ओलीशी लढायचं असतं. त्यात निसर्गानं त्याला एक सवलत दिलेली आहे. उन्हाळ्यात दुपारी पारा 37-38 अंशांपर्यंत चढला, तरी पहाटे तो 22-23 च्या आसपास उतरतो. रात्रीचा गारवा घरात घेतला आणि दुपारी तो कोंडून ठेवला, तर बऱ्याच घरांत एसीची गरज वर्षातल्या थोड्या दिवसांपुरती उरते.

घेणं आणि कोंडणं ही दोन्ही कामं मात्र माणसानं करायची असतात. कोल्हापूर 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजे तेव्हा तापतो तो स्लॅब. दक्षिणेच्या खिडकीची काळजी नसते. तिथं दोन फुटांचा छज्जा 21 मार्चच्या सुमारास भर दुपारी साडेसहा फूट खाली सावली टाकतो आणि डिसेंबरात सूर्य कलला की अडीच फुटांपेक्षाही कमी. हवं तेव्हा सावली, हवं तेव्हा ऊन, आणि त्यासाठी बटणही दाबावं लागत नाही.

खरा पेच पश्चिमेचा. दुपारी चारनंतरचं ऊन तिरपं येतं. छज्जा कितीही लांबवला तरी ते खिडकीतून थेट पलंगापर्यंत पोचतं. आणि उन्हाळ्यात संध्याकाळी अंगाला लागणारा वाराही त्याच दिशेनं, घाटाकडून येतो. म्हणून पश्चिमेची भिंत ठार बंद केली तर वारा गेला, आणि मोठी काच लावली तर घराची भट्टी झाली. यावर उपाय आहे तो वेळापत्रकाचा. सकाळी अकराच्या आत खिडक्या लावायच्या, काचेच्या बाहेरून बांबूचा पडदा सोडायचा आणि दिवेलागणीला सगळं उघडून टाकायचं. पडदा आतून लावला तर उपयोग निम्माही होत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत येऊन गेलेलं असतं.

इथंच ती पाच फुटी स्लायडिंग खिडकी आडवी येते. दोन काचा, दोन रूळ. एक काच दुसरीवर सरकवली की मोकळी जागा उरते अडीच फूट. पाच बाय चारच्या खिडकीसाठी भिंतीत वीस चौरस फुटांचं भोक पाडलं, चौकट आणि ग्रिल बसवलं, आणि वारा येणार फक्त दहा चौरस फुटांतून. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं डिसेंबर 2018 मध्ये आणलेल्या 'इको निवास संहिते'त हा हिशेब स्वच्छ मांडला आहे. दोन काचांची सरकती खिडकी 50 टक्के उघडते, बिजागरीची 90 टक्के. त्यात भर डासांची. जेव्हा वारा सुटतो तेव्हाच डास येतात, म्हणून साडेसहाला काच लागते आणि सातला एसी. पंधराशे-दोन हजारांच्या मच्छरजाळीचा खर्च बांधताना वाचवला आणि तो पुढं दर उन्हाळ्यात बिलात भरला, असे बंगले शहरात ढिगानं आहेत.

संहिता एवढी तपशिलात जाते, तर ती लागू का होत नाही? कारण ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांसाठी आहे. म्हणजे साधारण पाच गुंठे. 2022 च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानं निवासी इमारती कक्षेत आणल्या, पण जोडभार 100 किलोवॉट किंवा त्यापुढे असेल तरच. दीड-दोन गुंठ्यांत उभ्या राहणाऱ्या कोल्हापुरी बंगल्याला यातलं काहीच लागू नाही. छतातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा संहितेत आहे. गुंठेवारीतल्या स्लॅबला मात्र गवंड्याची सवय हीच संहिता.

खरं तर स्लॅबचा उपाय स्वस्त आहे. कोबा झाल्यावर वर पांढऱ्या चायना मोझॅकचा थर किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, तरी खालच्या खोलीत फरक कळतो. तेलंगणानं 2023 साली असं छत धोरण म्हणूनच स्वीकारलं. पॅनेलची सावलीही स्लॅबवर पडते, पण गच्चीचा उरलेला भाग उघडा तापत राहतो. पंख्यांचं गणित तर तोंडी करता येतं. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी पंखा साधारण 30. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला 65 युनिटच्या आसपास वाचतात.

मग येतो पहिला पावसाळा. नव्या घराच्या विटकामात, गिलाव्यात आणि कोब्यात मुरलेलं पाणी सुकायला महिने लागतात. मुहूर्त गाठायचा म्हणून ओलसर गिलाव्यावर पुट्टी आणि रंग चढवलेला असतो. जुलैत त्याचे पापुद्रे सुटतात, कपाटामागं बुरशी धरते आणि "नवीन घर गळायला लागलं" अशी ओरड होते. काही वेळा ते खरंही असतं. पण पुष्कळदा ती आतलीच ओल असते आणि तिला फक्त बाहेर जायला वाट हवी असते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढायची, उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, न्हाणीघरातला एक्झॉस्ट आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवायचा. पहिल्या वर्षी कपडे घरात वाळत घालण्याची हौस टाळावी.

पॅनेलची परीक्षाही याच दिवसांत असते. तीन किलोवॉटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो. आषाढाच्या झडीत तीच वीज निम्म्यावर येते. शिवाय लाइट गेली की पॅनेलही बंद पडतात. ही गोष्ट बऱ्याच जणांना पहिल्या वादळी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनमध्ये वीज नसेल तर स्वतः थांबतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हे यंत्राचं शहाणपण आहे. फक्त ते गच्ची दाखवताना कोणी सांगितलेलं नसतं.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बसवतानाच ठरवावी लागते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं. नदीच्या बाजूला घर असेल तर इन्व्हर्टर, बॅटरी आणि मुख्य स्विचबोर्ड पार्किंगच्या भिंतीवर टांगण्याऐवजी पहिल्या मजल्यावर न्यावेत.

बिलाचंही तसंच. नेट मीटर घरात आलेले युनिट वेगळे मोजतो आणि बाहेर पाठवलेले वेगळे. स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळं 'झिरो बिल' म्हणजे कागदावर शून्य नव्हे. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की हिशेब मिटतो. हिवाळ्यात साठवलेली जमा मेच्या एसीला वापरू, असा बेत मार्चअखेर कोलमडतो. म्हणून वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री ही कामं दुपारी उरकायची सवय पहिल्याच वर्षी लागलेली बरी. विजेचा जास्तीत जास्त भाग घरात जिरला, की मार्चअखेरच्या हिशेबाची चिंता उरत नाही.

जुन्या कोल्हापुरी घराला अशी शिकवणी लागत नव्हती. दुपारी दारं लोटून घ्यायची, उन्हं कलली की अंगणात पाणी मारायचं, सोप्यात बसायचं, हे घरातली थोरली बाई सुनेला सांगत असे. बाकी उष्णता माळ्यावरची कौलं पेलायची. स्लॅब आणि काच आली, तशी ती माहिती निरुपयोगी झाली आणि तिच्या जागी नवी तयार झाली नाही. शिरीष बेरी यांच्यासारखे वास्तुविशारद कोल्हापुरात राहून ऊन, पाऊस, वारा आणि जमिनीचा उतार यांच्याशी जुळवून घेणारी घरं अनेक दशकं रचत आले. पण असा आर्किटेक्ट मिळालेली घरं मोजकी. बाकी शहर कॉन्ट्रॅक्टर आणि मिस्त्री बांधतात.

ब्रिटनमध्ये 2009 साली बांधकाम क्षेत्रातल्या बीएसआरआयए या संस्थेनं 'सॉफ्ट लँडिंग्ज' नावाची पद्धत मांडली. इमारत ताब्यात दिल्यावरही रचनाकार आणि ठेकेदार तीन वर्षांपर्यंत येत राहतात, वापर मोजतात, बिघाड दुरुस्त करतात आणि राहणाऱ्यांना शिकवतात. ती मोठ्या इमारतींसाठी आहे. बंगल्याला तिची छोटी आवृत्ती पुरेल. ताबा देताना दोन पानांची वही, कुठली खिडकी कधी उघडायची, कुठला व्हॉल्व्ह कशाचा, मीटर कसा वाचायचा. मग पहिल्या पावसानंतर एक फेरी आणि मेमध्ये दुसरी. या दोन फेऱ्या होईपर्यंत शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम राखून ठेवायची.

हे परकं वाटायचं कारण नाही. सूर्यघर योजनेत पॅनेल बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार बिल्डरनंही ताबा दिल्यापासून पाच वर्षं रचनेतले आणि कामातले दोष स्वखर्चानं दुरुस्त करायचे असतात. पण रेरा गळणाऱ्या स्लॅबची दाद घेतं, तापणाऱ्या खोलीची नाही. आणि स्वतःच्या प्लॉटवर कॉन्ट्रॅक्टरकडून बांधून घेतलेल्या घराला तेवढंही संरक्षण नसतं. तिथं करारपत्र हाच कायदा, आणि करारपत्रात बहुतेक वेळा सिमेंटचा ब्रँड आणि टाइल्सचा दर असतो.

क्रेडाई कोल्हापूरच्या 'दालन' प्रदर्शनात लोक कुटुंबासह येतात, स्टॉल-स्टॉलवर कार्पेट एरिया, पार्किंग आणि कर्जाचा दर विचारतात. यापुढच्या 'दालन'ला त्यात तीन प्रश्नांची भर घालावी. खिडकीचा किती भाग खरोखर उघडतो? पश्चिमेच्या भिंतीचं आणि छताचं काय केलंय? आणि राहायला आल्यावर मेमध्ये बघायला कोण येणार, त्याचा मोबाइल नंबर करारात लिहून देणार का?