बंदरांचे जाळे आणि आपला किनारा

मुरुडच्या पुळणीवरून दूरवर जाणारी मालवाहू जहाजे दिसतात, पण ती इथे थांबत नाहीत. या अंकाचा विषय त्यातूनच सुचला: जागतिक जहाजवाहतुकीचे संशोधन आणि त्यातले कोकणचे स्थान.

जगातल्या व्यापारी मालापैकी वजनाने 80 टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा न्हावा शेवाहून युरोपकडे निघालेला माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. आपल्या भागातली अनेक मुले बोटीवर नोकरीला आहेत. त्यांच्या घरच्यांनी या बातम्या जीव मुठीत धरून ऐकल्या.

अभ्यासक बंदरांकडे जाळ्यातल्या गाठी म्हणून पाहतात: कोणती गाठ किती मार्गांना जोडलेली, ती सुटली तर काय कोलमडेल. हे काम मोलाचे आहे. मात्र त्यांची नजर बहुधा कंटेनर बंदरांवरच खिळते, आणि ते आम्हाला अपुरे वाटते. इथून जवळच, वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ मध्ययुगात होर्मुझ आणि एडनशी व्यापार करत होते. अशी गाठ जाळ्यातून का गळते? गाळ, युद्ध, बदललेली जहाजे, की सत्तेची मर्जी? या अंकातले लेख तोच शोध घेतात.

तुमच्या घरी जुनी बोटीची तिकिटे, मालाच्या पावत्या, खलाशांची पत्रे असतील तर आम्हाला जरूर कळवा. आमच्या मांडणीशी मतभेद असतील, तर तेही मोकळेपणाने लिहा.