सुट्टीची सहल आणि रांगेचे गणित

प्रजासत्ताक दिन शुक्रवारी किंवा सोमवारी आला, अथवा दसऱ्या-संक्रांतीच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून आले, की घरोघरी एकच प्रश्न निघतो : कोठे जावयाचे? आणि अलीकडे बहुतेक घरांत त्याचे उत्तरही एकच असते. शहराबाहेरील एखादे मोठे करमणूक उद्यान, ज्याला आता सर्वजण थीम पार्क म्हणतात, ते पाहावयाचे! मग कोणी वडील माणूस म्हणतो, 'आधी नीट ठरवू या.' त्यासरशी मुले नाक मुरडतात. शाळेला वेळापत्रक, शिकवणीला वेळापत्रक, आणि आता सहलीलाही वेळापत्रक? मौजेला निघायचे तर मौजेनेच निघावे, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

ही तक्रार अगदीच अवास्तव नाही. ज्या दिवशी उद्यान रिकामे असेल आणि आपल्या हाती सबंध दिवस असेल, त्या दिवशी वाटेल तसे भटकावे. त्यासारखे सुख नाही. परंतु जोडून आलेल्या सुट्टीत आपण एकटे निघत नाही. सारे शहर निघालेले असते. अशा दिवशी न ठरविता जाणारा मनुष्य स्वच्छंदपणे हिंडत नाही, तर गर्दी नेईल तिकडे जातो. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, गर्दीच्या दिवशी थोड्या वेळाची सहल आखताना काय पाहावयाचे हे ठरविण्यापूर्वी काय सोडावयाचे हे ठरवावे. हा निव्वळ आपल्या सोयीचा प्रश्न नाही. आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या वेळेचाही तो प्रश्न आहे.

आपल्या हैदराबादेतीलच उदाहरण घेऊ. विजयवाड्याच्या रस्त्यावर, हयातनगरच्या पुढे, शहराच्या मध्यापासून सुमारे 30 किलोमीटरवर रामोजी फिल्म सिटी आहे. रामोजी राव (1936–2024) यांनी 1996 साली ती उभारली. जगातील सर्वांत मोठे चित्रपट-निर्मिती संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद असून त्या नोंदीप्रमाणे विस्तार 1666 एकर, म्हणजे साडेसहा चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. खोटे रेल्वे स्थानक, खोटा विमानतळ, 'बाहुबली' चित्रपटाचे भव्य देखावे, कारंजी, पक्ष्यांचे उद्यान, फुलपाखरांचे उद्यान, साहसदृश्यांचे खेळ, लहान मुलांसाठी निराळा विभाग, असा तेथील पसारा आहे. आपली गाडी फाटकाशी ठेवावी लागते आणि पुढचा प्रवास तेथील बसने करावा लागतो. काही खेळ ठराविक वेळीच होतात. म्हणजे इतका मोठा परिसर, दुसऱ्याच्या हातातील वाहन आणि घड्याळाला बांधलेले खेळ, अशा तीन अटींत आपला दिवस बसवावयाचा असतो.

आता समजा, नांदेड-परभणीकडून पाहुणे आले आहेत आणि काचीगुड्याहून रात्रीच्या गाडीने ते परतणार आहेत. सुट्टीच्या संध्याकाळी 30 किलोमीटर रस्ता कापून स्थानक गाठावयाचे, तर चार वाजता फाटकाबाहेर पडणे शहाणपणाचे. सकाळी नऊला पोहोचलो तर हाती 7 तास, म्हणजे 420 मिनिटे आली. तिकीट, तपासणी आणि आतील बस यांस 60 मिनिटे धरा; देखाव्यांच्या बसफेरीला, तिच्या रांगेसह, 120; जेवणास 45; चालणे, पाणी, प्रसाधनगृह, हरवलेली टोपी शोधणे यांस 60. बेरीज झाली 285. शिल्लक उरली 135 मिनिटे! सव्वादोन तासांत सगळे पाहू म्हणणारा मनुष्य स्वतःला फसवितो, आणि बरोबरच्या आजीला दमवितो. त्या वेळात दोन, फार तर तीन गोष्टी होतील. मग त्या कोणत्या, एवढाच खरा प्रश्न राहतो. सहलीचा आराखडा असा परतीच्या वेळेपासून उलटा मांडावा, म्हणजे खोटी आशा आपोआप गळून पडते.

गर्दीचा अंदाज चुकणे हे काही आपल्याच लोकांचे वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. तो समारंभ निमंत्रितांपुरता होता. पण बनावट निमंत्रणपत्रिका निघाल्या आणि अपेक्षेहून कितीतरी अधिक, सुमारे 28 हजार, लोक आत शिरले. त्यातच कडक ऊन होते, नव्या रस्त्यांचे डांबर मऊ पडले होते आणि नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याच्या सर्व तोट्या चालू होऊ शकल्या नव्हत्या. वॉल्ट डिस्ने यांच्यासारख्या कल्पक पुरुषाच्या उद्यानाची पहिल्या दिवशी अशी त्रेधा उडाली. कल्पकता कितीही असली, तरी माणसांची संख्या आणि जागांची संख्या यांचा हिशेब चुकत असेल तर आनंदाचे रूपांतर धक्काबुक्कीत होते, हा त्या दिवसाचा धडा आहे.

या हिशेबाचे एक शास्त्रच आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 साली त्याचा पाया घातला. आपल्याला मात्र त्यातील गहन सूत्रांची गरज नाही. त्रैराशिक पुरे आहे. समजा, एका पाळण्यात 24 जण बसतात आणि बसणे, फिरणे व उतरणे मिळून 4 मिनिटे लागतात. म्हणजे तासाला 15 फेऱ्या आणि 360 माणसे. आपल्यापुढे 180 जण उभे असतील, तर अर्ध्या तासाने आपला क्रम येईल. रांगेत शिरण्यापूर्वी एक फेरी नजरेखालून घालावी, घड्याळ पाहावे आणि हे गणित मांडावे. 'लवकर येईल हो नंबर!' या आशेवर उभे राहण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. कित्येक उद्यानांत हल्ली अधिक पैसे भरून निराळ्या, जलद रांगेतून पुढे जाण्याची सोय असते. आपल्या देशातही ही पद्धत आली आहे. न ठरविता गेलेले आणि वेळ संपत आला म्हणून घाबरलेले कुटुंब शेवटी तिकडेच वळते. त्याचे काय बिघडले, असे पुष्कळांस वाटते. वरील पाळण्याचेच उदाहरण पाहा. 24 जागांपैकी 8 जागा जलद रांगेस दिल्या, तर साध्या रांगेतील माणसांसाठी 16 उरतात. तासाला 360 ऐवजी 240 माणसे पुढे सरकतात. पुढे तेच 180 जण असता अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास उभे राहावे लागते. पाळण्याचा वेग वाढला नाही, जागा वाढल्या नाहीत. एकाने जो वेळ वाचविला, तो दुसऱ्याच्या पंधरा मिनिटांतून आला!

यावर असा आक्षेप येईल की, रेल्वेतही वरचा वर्ग असतो आणि नाटकालाही पुढच्या खुर्चीचे तिकीट महाग असते. मग येथेच नाक का मुरडावे? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण वरच्या वर्गाच्या उताऱ्यामुळे साध्या डब्यातील उतारू उशिरा पोहोचत नाही. गाडी दोघांनाही एकाच वेळी नेते. पुढच्या खुर्चीमुळे मागच्याचा अंक कमी होत नाही. जलद रांगेत मात्र विकली जाणारी वस्तू म्हणजे मागे उभ्या असलेल्यांचा वेळच होय, आणि त्या विक्रीचा एक पैसाही त्यांना मिळत नाही. वर्षभर पैसे साठवून एकदाच मुलांना घेऊन आलेला एखादा कारागीर त्या रांगेत असतो. त्याच्याही हाती तेच सात तास असतात. पाचच वर्षांच्या मुलाला 'ते पुढे का जातात?' या प्रश्नाचे उत्तर त्याने काय द्यावे?

याहून चांगला मार्ग नव्हता असेही नाही. 1999 साली फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एक योजना सुरू झाली. प्रवेशाचे तिकीट यंत्रात घातले की परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी मिळे. त्या वेळी आले की फारसे थांबावे लागत नसे. तिला वेगळे पैसे पडत नसत. फाटकातून आत आलेल्या प्रत्येकाचा तिच्यावर सारखाच अधिकार होता. पुढे 2021 साली ही विनामूल्य योजना बंद झाली आणि तिची जागा पैसे देऊन मिळणाऱ्या सोयीने घेतली. म्हणजे जी सोय सर्वांस वाटता येत होती, ती विकता येते हे चालकांच्या ध्यानात आले. आपल्याकडील उद्यानांनी पहिला मार्ग उचलावा, दिवसाच्या तिकिटांची संख्या जागांच्या बेताने ठेवावी, असे मला वाटते. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि आजारी मुले यांना पुढे सोडावे. त्यासाठी पैसे घेऊ नयेत. अशा माणसाला रांग आपण होऊन वाट देते. ती दिलेली वाट असते, घेतलेली नव्हे.

तथापि सगळा दोष चालकांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. पैसे न देता पुढे जाण्याची एक देशी युक्ती आपल्याला चांगली अवगत आहे. एकाने रांगेत उभे राहावयाचे आणि वेळ आली की 'आमचा माणूस पुढे आहे' म्हणत दहा जणांनी आत शिरावयाचे! एका जागेच्या दहा जागा करणारे हे गणित त्रैराशिकात बसत नाही. मागची माणसे भिडेखातर गप्प राहतात, आणि आपली मुले हे सारे पाहत असतात. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण समतेवर दहा गुण मिळवितो. परंतु समतेची तोंडी परीक्षा अशा रांगेत होते, आणि तीत वडीलमाणसांसह आपण सारेच बहुधा काठावर असतो.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पुढील सहलीचा आराखडा तुम्हीच तयार करा. एका कागदावर घरातील प्रत्येकाकडून एकच इच्छा लिहून घ्या. ती पुरी झाली तर दिवस सार्थकी लागला असे त्याने कबूल करावे. आजीची इच्छा फुलपाखरे पाहण्याची असेल, तर ती सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पहिल्या क्रमांकावर ठेवा. पुढचा सगळा चालण्याचा वेग तिच्या पायांवरून ठरू द्या. वेगवान पाळण्यांचे उद्यान असेल, तर धाकट्या भावंडाची उंची घरीच मोजा. उंचीची अट ही त्याच्या सुरक्षिततेसाठी असते. तासभर उभे राहून पट्टीखाली नापास होण्याचे दुःख त्याला देऊ नका. वेळा बदलतात, तेव्हा त्या आदल्या दिवशी पाहून घ्या आणि फाटक उघडण्याच्या वेळी दारात असा. जेवण साडेअकराला उरका, कारण एक वाजता सारे उद्यान जेवावयास बसते. चुकामूक झाल्यास भेटण्याची एक खूण ठरवा. आणि आराखड्यात अर्धा तास अगदी कोरा ठेवा. सावलीत बसून पाहुण्यांशी चार शब्द बोलावयास तोच उपयोगी पडतो.

कागदाच्या मागील बाजूस जे सोडले त्याची यादी करा. ही यादी पहिल्या यादीहून मोठी असेल, असू द्या. ज्याने मोकळ्या मनाने पाच गोष्टी सोडल्या, तो उरलेल्या दोन गोष्टी डोळे भरून पाहतो. त्याला धावावे लागत नाही, कोणाला ढकलावे लागत नाही आणि घाबरून दुसऱ्याचा वेळ विकतही घ्यावा लागत नाही. सात तास आपल्याला मिळाले तसेच ते मागच्यालाही मिळाले आहेत, एवढे ध्यानात ठेवून आपल्या जागी उभे राहणे, हीच गर्दीच्या दिवसाची सभ्यता. उरलेली यादी जपून ठेवा. नांदेडचे पाहुणे पुन्हा येणारच आहेत.