कॅमेरा बंद ठेवून

गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता माझ्या स्क्रीनवर ‘ओम 7वी ब’नं लिहिलं, ‘‘रात्री दोन-तीनदा गाऊन भिजतो. पंखा पाचवर असतो तरी.’’

ही ओमची आई. लॉकडाउनमध्ये शाळेसाठी घातलेलं नाव फोनमध्ये तसंच राहिलेलं. ओम आता बारावीला असेल. पाळी जाण्याच्या वयावर आमचा वेबिनार होता आणि चॅटमधले प्रश्न डॉक्टरांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. साठेक चौकोन, सगळे काळे. कुणी ‘पप्पा’, कुणी ‘रेडमी नोट’. हाच कार्यक्रम पूर्वी हॉलमध्ये घेतला तेव्हा दोनच प्रश्न आले होते, तेही कॅल्शियमचे. (मग जिन्यात बायकांनी डॉक्टरांना गाठलं.) इथे दहा मिनिटांत रांग लागली.

स्लाइडवर ‘रजोनिवृत्ती’ होतं, पण बोलताना डॉक्टरही ‘पाळी जाणं’च म्हणाल्या. सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरायचं. आपल्याकडे साधारण 46-47व्या वर्षी. मात्र घाम, झोपमोड, चिडचिड, सांधे धरणं हे त्याआधीच, पाळी येत असतानाही सुरू होऊ शकतं. ‘‘म्हणजे मी वेडी नाही,’’ असं ‘रेडमी नोट’नं लिहिलं. मी ते वाचलं नाही. प्रश्न नव्हता तो.

हार्मोन घेतले की कॅन्सर होतो ना, हे सात जणींनी विचारलं. ही भीती 2002ची. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण काहीसं वाढलेलं दिसलं आणि तो भाग थांबवला गेला. अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे आमच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. आता साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी, त्रास फार असेल तर तज्ज्ञ ही औषधं देतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा रक्तात गुठळ्या झाल्या असतील तर सहसा नाही. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची ही गोष्ट नव्हे.

मग ‘पप्पा’: ‘‘दीड वर्षानं पाळी परत आली. सासूबाई म्हणतात, बरं झालं, उष्णता निघून गेली.’’

डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. ‘‘ही पाळी नाही. सोमवारी दवाखान्यात जा.’’ बहुतेकदा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असू शकते. म्हणून सोनोग्राफी, लागलंच तर अस्तराचा तुकडा तपासायचा. लगेच त्यांनी बजावलं, तपासून घ्या म्हणतेय, पिशवी काढा म्हणत नाहीये. 2019मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सोबत बीजांडकोशही काढले, तर इतरांना चार-पाच वर्षांत हळूहळू होणारा त्रास तिशीतच एकदम अंगावर येतो. त्यांना आम्ही कुठली लिंक पाठवणार? हंगामात शनिवारी चार वाजता त्या फडात असतात.

शेवटची दहा मिनिटं प्रायोजकाच्या पावडरीला गेली, ते जाऊ दे. बंद करता करता ओमच्या आईचा फक्त मला निरोप आला: ‘‘रेकॉर्डिंग मिळेल का? यांना ऐकवायचंय. पण या नंबरवर नको, संध्याकाळी फोन ओमकडे असतो.’’