एका तासाचा गेम

अरुणाचलातल्या आमच्या पोस्टवर संध्याकाळी सात ते दहा जनरेटर चालायचा. त्यात लंगरचं जेवण, लागलाच तर घरी फोन आणि उरला तर एखादा तास आपला. पीसी चांगला की कन्सोल, या वादात माझं मत त्या एका तासात बनलं.

रजेवरून येताना मी हौसेने गेमिंग लॅपटॉप आणला होता. पहिल्या संध्याकाळी त्याने लॉगिन मागितलं. नेटवर्क नाही. दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन लॉगिन केलं, तर अपडेट हवं. ते झालं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना. मग सावल्या कमी कर, रिझोल्यूशन उतरव, असं करत गेम सुरू झाला तेव्हा जनरेटर बंद व्हायला दहा मिनिटं होती. पीसीवर 'रेड डेड रिडेम्प्शन 2'ला 150 जीबी जागा लागते. तेवढं डाउनलोड त्या टेकडीवर बसून करायचं म्हटलं, तर टेन्युअर संपेल.

खोलना-जोडना आम्हाला नवीन नाही. पण हत्यार एकदा साफ करून जोडलं की चालतं. ते रोज नवा पार्ट मागत नाही.

रिक्रिएशन रूममध्ये एका बिहारी जवानाचा जुना प्लेस्टेशन 4 होता. फुटबॉलची एक डिस्क, दोन कंट्रोलर, सात-आठ जण. हरेल तो उठेल. सुभेदारसाहेब 'बस, एक मॅच' म्हणत बसायचे आणि हरले की कंट्रोलरला दोष द्यायचे. (जुनी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी कॅरम होता. बरोबर आहे, हा आमचा कॅरमच.) लॅपटॉपवर मी एकटा खेळायचो, तेही हेडफोन लावून.

पीसीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. सेलमध्ये गेम स्वस्त मिळतात, माऊसचा नेम कंट्रोलरला येत नाही, आणि त्याच मशीनवर मुलाचा अभ्यासही होतो. कन्सोलही धुतल्या तांदळाचा नाही. डिसेंबर 2020मध्ये 'सायबरपंक 2077' प्लेस्टेशन 4वर इतका रडतखडत चालला की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला होता.

पण माझी खरी तक्रार आता कन्सोलवाल्यांकडेच आहे. 2020मध्ये प्लेस्टेशन 5 आला, तेव्हा सोबत बिनडिस्कचं मॉडेलही आलं. 2024च्या प्रोमध्ये तर डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणजे गेम पुन्हा इंटरनेटवरूनच. शहरात फायबर असलेल्याला त्याचं काही वाटणार नाही. आमच्याकडे डिस्क एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर राशनच्या गाडीने जायची, आणि परतही यायची.

आमच्या त्या फुटबॉलच्या डिस्कवर ओरखडे पडले होते. हत्यार साफ करायच्या कोऱ्या चिंदीने पुसली की चालायची. आता प्रत्येक रजेत मी जुन्या डिस्कांची दुकानं शोधत फिरतो. लॅपटॉप मुलाकडे दिला आहे. तोही म्हणतो, अपडेट चालू आहे.